देशाची अर्थव्यवस्था कशी चाललीय, हे सोलापूरला कोणी विचारलंय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात आणि वर्गाबाहेर काही प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात. 'देशाचं जोरात चाललंय म्हणतात, मग आमच्याकडे तसं का दिसत नाही?' हा त्यातला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा. देशाच्या आर्थिक प्रकृतीबद्दल लोकांचं मत घेतात कसं, ते सरकारी आकड्यांशी का जुळत नाही आणि त्या मताला किती किंमत द्यायची, याबद्दलची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

लोकांना अर्थव्यवस्थेबद्दल खरंच कोणी विचारतं का?

हो. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरी कुटुंबांकडे जाऊन ग्राहकांच्या विश्वासाची पाहणी करते. त्यात पाच गोष्टी विचारतात: देशाची एकूण आर्थिक परिस्थिती, रोजगार, भाव, तुमचं उत्पन्न आणि तुमचा खर्च. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली जाते. वर्षापूर्वीच्या मानाने आता कसं आहे, आणि अजून वर्षाने कसं असेल? सुधारलं, तसंच आहे की बिघडलं (भाव, उत्पन्न आणि खर्च यांबाबत वाढलं, तेवढंच आहे की कमी झालं), एवढंच सांगायचं असतं. जोडीला महागाईची वेगळी पाहणी असते. तीत भाव सध्या किती वाढलेत, तीन महिन्यांनी आणि वर्षभराने किती वाढतील, याचा लोकांचा अंदाज घेतात.

निवडणुकीच्या तोंडावर इतर संस्थाही विचारतात. २०२४ च्या लोकसभेआधी लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहणीत २७ टक्के मतदारांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई हा सगळ्यात मोठा मुद्दा सांगितला होता. नोकरी मिळणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय, असं म्हणणारे ६२ टक्के होते.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीतून निघणारा विश्वासाचा निर्देशांक १०० च्या वर किंवा खाली असतो म्हणजे काय?

समजा शंभर कुटुंबांना रोजगाराबद्दल विचारलं. २५ म्हणाली सुधारलाय, ३० म्हणाली तसाच आहे, ४५ म्हणाली बिघडलाय. २५ मधून ४५ वजा केले की उणे २० उरतात. पाचही प्रश्नांची अशी वजाबाकी करायची, सरासरी काढायची आणि ती १०० मध्ये मिळवायची. सगळेच खूश असतील तर २००, सगळेच नाराज असतील तर शून्य.

सध्याच्या परिस्थितीचा हा निर्देशांक मार्च २०१९ मध्ये १०४.६ होता. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, तो ४८.५ पर्यंत घसरला. पुढे हळूहळू सावरला, तरी २०२५ सालभर १०० च्या खालीच राहिला. वर्षापूर्वीपेक्षा बरं चाललंय असं म्हणणाऱ्यांपेक्षा बिघडलंय म्हणणाऱ्यांचं पारडं जड होतं, असा याचा अर्थ.

या गणितात दोन जागा अशा आहेत की बातमी वाचताना त्यांची आठवण ठेवावी. एक म्हणजे 'तसंच आहे' म्हणणारे वजाबाकीत येतच नाहीत. एखाद्या गावात ८० लोक 'तसंच' म्हणाले, १० खूश आणि १० नाराज असले, तर उत्तर १००. दुसऱ्या गावात ५० खूश आणि ५० नाराज असले, तरी उत्तर १००. पहिलं गाव शांत आहे, दुसरं दुभंगलेलं आहे, आणि आकडा मात्र एकच. दुसरी जागा खर्चाची. खर्च वाढला असं सांगितलं की ते उत्तर जमेच्या बाजूला जातं, कारण माणूस विश्वास असेल तर खर्च करतो असं धरलेलं आहे. पण दवाखान्याचं बिल आलं किंवा पोराची फी वाढली, तरी खर्च वाढलाच. त्याचीही नोंद आशावादाच्या खात्यात होते. ही या पाहणीची कच्ची बाजू आहे असं मला ठामपणे वाटतं. म्हणून एकत्रित निर्देशांकापेक्षा पाच प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी वाचलेली बरी. रिझर्व्ह बँक ती तशी प्रसिद्धही करते.

यात सोलापूरला विचारतात का?

नाही. ही पाहणी १९ शहरांत होते. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि नागपूर आहे. बाकी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, पाटणा, रांची, गुवाहाटी वगैरे, बहुतेक सगळ्या राजधान्या.

अलीकडे रिझर्व्ह बँकेने ग्रामीण आणि निमशहरी भागाचीही वेगळी पाहणी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हे चांगलंच झालं. पण बँकेच्या हिशेबात निमशहरी म्हणजे एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येची गावं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. म्हणजे आपण मोठ्या शहरांच्या यादीतही नाही आणि निमशहरी भागातही नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या मागांच्या गावांचंही तेच. बाजारात मंदी आली की पहिला फटका ज्यांना बसतो, ती ही गावं. त्यांचं मत देशाच्या मतात धरलेलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

महागाई पाव टक्क्यावर आली म्हणे. मग मंडईत ते का जाणवलं नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के निघाला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून मोजलेल्या आकड्यांच्या मालिकेतला तो सगळ्यात कमी आकडा होता. आकडा खरा आहे आणि मंडईतून परतणाऱ्या बाईचं म्हणणंही खरं आहे.

महागाईचा दर हा भाव वाढण्याचा वेग असतो. वेग शून्यावर आला तरी आधी चढलेले भाव चढलेलेच राहतात. त्यातून तुलना असते बरोबर वर्षापूर्वीच्या महिन्याशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती, भाज्या कडाडल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे ५.०२ टक्के झाली. आता वही काढून हिशेब करा. ज्या बाजाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपये लागायचे, त्याला २०२४ मध्ये जवळजवळ १११ लागले आणि २०२५ मध्ये साधारण १०५. दिल्लीत बसलेल्याला १११ वरून १०५ दिसतं. घर चालवणाऱ्याच्या डोक्यात मात्र अजून १०० असतात.

दुसरं कारण असं की सरकारी निर्देशांकात देशाच्या सरासरी घराची टोपली असते. त्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के होता. उरलेल्यात घरभाडं, इंधन, कपडे, औषधं, शिक्षण, प्रवास, सोनं असं सगळं आलं. तुमच्या घराची टोपली अशी नसते. विडी वळणाऱ्या बाईच्या घरात खाण्याचा वाटा याहून मोठा असतो, त्यामुळे भाजी उतरली की तिला जास्त दिलासा मिळतो आणि चढली की जास्त मारही बसतो. ज्यांच्या घरात दोन मुलं कॉलेजात आहेत, त्यांना भाजी उतरल्याचं लक्षातही येत नाही, कारण त्यांचा महिना फीने खाल्लेला असतो.

तिसरं कारण स्वभावाचं. तेल, दूध, चहापावडर, पेट्रोल या गोष्टी आपण वारंवार घेतो, त्यांचे भाव तोंडपाठ असतात. वर्षातून एकदा घेतलेली वस्तू स्वस्त झाली तरी मनात राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत लोकांनी सांगितलेली महागाई सरकारी दरापेक्षा सातत्याने जास्त येते. जगभर हेच दिसतं. याला लोकांचं अज्ञान म्हणणं मला पटत नाही. लोक आपल्या पिशवीतला हिशेब सांगतात, आणि तो हिशेब त्यांच्याइतका बारकाईने कोणी ठेवत नाही.

एकाच जिल्ह्यात एक म्हणतो बरं, दुसरा म्हणतो वाईट. कोणाचं खरं धरायचं?

कांद्याचं उदाहरण घ्या. सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत हिवाळ्यात लाल कांद्याची आवक शिगेला असते. रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली, म्हणजे नेमकी आपल्या हंगामात. दर कोसळले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

त्या डिसेंबरात मोहोळ किंवा बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हातात पडलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, डोळ्यांसमोर आणा. वर पिशव्या, वजन, क्विंटलचा दर. खाली एकेक कपात: हमाली, तोलाई, मोटारभाडं. सगळ्यात शेवटी उरलेली रक्कम. बी, खतं, लागवड, खुरपणी आणि काढणीची मजुरी यांचा या कागदावर उल्लेखही नसतो, ते पैसे आधीच गेलेले असतात. पट्टी घडी करून खिशात घालणाऱ्या या माणसाला देशाची आर्थिक परिस्थिती विचारली तर तो काय सांगेल?

त्याच दिवशी मुंबईतल्या ग्राहकाला विचारलं तर तो म्हणेल, कांदा आटोक्यात आला, बरं झालं. बंदी त्याच्यासाठीच होती. दोघंही खरं बोलतायत. फरक एवढाच की विश्वासाच्या निर्देशांकात मुंबईकराचं उत्तर गेलं आणि कांदा पिकवणाऱ्याचं गेलं नाही. भाव पडले की महागाईचा आकडा सुधारतो, आणि त्या सुधारणेची किंमत कोणी मोजली हे आकडा सांगत नाही.

बेरोजगारी तीन-सव्वातीन टक्के, यावर विश्वास ठेवायचा?

ठेवा, पण 'रोजगार' कशाला म्हटलंय ते आधी पाहा. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांत बेरोजगारी ३.२ टक्के होती. त्या मोजणीत घरच्या शेतात किंवा दुकानात पगाराविना राबणाराही रोजगारात धरतात. काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक स्वयंरोजगारी होते. आठवड्याच्या मोजणीत तर आठवड्यातल्या एका दिवशी एक तास काम केलं तरी माणूस बेरोजगार ठरत नाही.

आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत या. सूत महागलं, टॉवेलला उठाव नाही, म्हणून मालकाने आठवड्यातल्या काही पाळ्या कमी केल्या. मागावरचा कामगार कामावर आहे, पगार मात्र तुटका. विडी कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू कमी मिळाला, तर हजाराऐवजी सहाशे विड्या वळणारी बाईही कामावरच आहे. छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, जास्त निघाली तर हातात आणखी कमी. दोघंही मोजणीत 'रोजगारात'. त्यांना विचारलं तर दोघंही म्हणतील, काम नाही. पाहणी काम आहे की नाही ते मोजते, लोक कामातून घर चालतं का ते सांगतात. मला विचाराल तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

इथला पदवीधर पुण्याला जातो, हेही लक्षात घ्या. पोरगं पुण्यात कंपनीत लागलं की सोलापुरातल्या आईवडिलांचं अर्थव्यवस्थेबद्दलचं मत सुधारतं. शनिवारी रात्री पुण्याहून येणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमधून उतरणाऱ्या पोरापोरींचे पगार बऱ्याच घरांच्या मतामागे आहेत.

जीडीपी वाढतोय, मग माग का थांबतायत?

जीडीपी ही देशात तयार झालेल्या सगळ्या माल-सेवांच्या मूल्याची बेरीज आहे. एका क्षेत्राची वाढ दुसऱ्याची घट झाकू शकते. सोलापूरने हे फार आधी पाहिलंय. १८७७ च्या सुमारास सुरू झालेली जुनी गिरणी, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ नंतर देशाची वाढ वेगाने होत असतानाच शेवटचे भोंगेही थांबले. गिरणगावातल्या घराला त्या वाढीचं कौतुक सांगणं कठीण होतं.

अलीकडचं उदाहरण टेरी टॉवेलचं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे आणि टॉवेल परदेशात जातो. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून बहुतांश भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क केलं, तेव्हा निर्यातीवर चालणाऱ्या कापडउद्योगाला धास्ती बसली. त्या तिमाहीत देशाचा जीडीपी चांगला वाढला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

'माझं ठीक आहे, पण देशाचं वाईट चाललंय' असं लोक का म्हणतात?

अमेरिकेत हे फार स्पष्ट दिसलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के प्रौढांनी स्वतःची आर्थिक स्थिती किमान ठीक असल्याचं सांगितलं, आणि देशाची अर्थव्यवस्था चांगली म्हणणारे होते फक्त २२ टक्के. स्वतःचं घर माणूस डोळ्यांनी पाहतो, देश बातम्यांतून पाहतो. मिशिगन विद्यापीठाच्या जुन्या पाहणीत तर निवडणुकीत सत्ता पालटली की काही आठवड्यांत दोन पक्षांच्या समर्थकांची मतं उलटीपालटी होतात, जशी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. इतक्यात कोणाचा पगार बदललेला नसतो.

आपल्याकडेही पक्षाचा चष्मा असतोच. चौकातल्या गप्पा ऐकताना आधी 'देशाचं' नको, 'तुमचं' विचारा. उत्तर जास्त खरं मिळतं.

सध्याचं वाईट म्हणणारे लोक 'पुढच्या वर्षी बरं होईल' असं कसं म्हणतात?

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत भविष्याचा निर्देशांक वर्तमानापेक्षा बहुतेक वेळा वर असतो. मे २०२१ मध्ये सध्याचा ४८.५ होता तेव्हाही पुढच्या वर्षाचा ९६.४ होता. ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती त्या महिन्यात ही उत्तरं दिलेली आहेत. मला यात भाबडेपणा दिसत नाही. ज्याला उद्या पुन्हा बी पेरायचंय, दुकान उघडायचंय, त्याला पुढचं वर्ष बरं धरूनच चालावं लागतं. मात्र याच कारणाने भविष्याच्या आकड्यावरून सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये.

या मतांनी प्रत्यक्षात काही फरक पडतो का?

पडतो. जॉर्ज कटोना या अर्थतज्ज्ञाने १९४६ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात ही पद्धत सुरू केली. त्याचं म्हणणं साधं होतं: खर्च करायला ऐपत लागते आणि इच्छाही लागते. ऐपत बँकेच्या आकड्यांत दिसते, इच्छा विचारल्याशिवाय कळत नाही.

चाटी गल्लीतला कापडाचा व्यापारी हे रोज करतो. लोक संक्रांतीच्या गड्डा यात्रेला, लग्नसराईला हात सैल सोडतील का, याचा अंदाज घेऊन तो माल भरतो. अंदाज वाईट असेल तर कमी भरतो, मग मागांना मागणी कमी, मग पाळ्या कमी, आणि मग गिऱ्हाईकही कमी. भीती अशी स्वतःच खरी ठरते. महागाईचंही तसंच. भाव वाढणारच असं सगळ्यांनी धरलं की मजुरी आणि दर आधीच वाढवून मागितले जातात. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के खालीवर, ठेवायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे, म्हणून व्याजदर ठरवताना पतधोरण समिती या पाहण्याही समोर ठेवते.

टीव्हीवरचे आणि व्हॉट्सअॅपवरचे पोल चालतील का?

नाही. तिथे ज्याला चीड आली किंवा ज्याला प्रचार करायचाय तोच मत देतो. हजारो मतं पडली तरी ती निवडून घेतलेल्या थोड्या घरांची सर कधीच करत नाहीत.

सोलापुरात आम्हीच विचारायचं ठरवलं तर कसं विचारावं?

महाविद्यालयांनी, व्यापारी संघटनांनी, कामगार संघटनांनी हे जरूर करावं. दरवर्षी करता आलं तर फारच उत्तम.

मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूत प्रश्न तयार ठेवा. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली आजी तेलुगूत जितकं मोकळं बोलेल तितकं मराठीत बोलणार नाही. घरं चिठ्ठ्या टाकून निवडा. ओळखीची घरं घेतली तर उत्तरंही ओळखीचीच येतात. फक्त दुपारी गेलात तर माग चालवणारा भेटणार नाही, फक्त संध्याकाळी गेलात तर दुकानदार सुटेल. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत आणि जुळे सोलापूरच्या मध्यमवर्गीय वस्तीत, दोन्हीकडे जा, आणि दोन्हीकडचे आकडे वेगळे मांडा. सरासरीत दोन्ही हरवतात.

'परिस्थिती कशी आहे?' असं मोघम विचारू नका. गेल्या महिन्यात कामाचे किती दिवस भरले? उधारी वाढली की फिटली? सोनं घेतलं, मोडलं की गहाण ठेवलं? दवाखाना पुढे ढकलला का? हे विचारल्यावर मगच देशाबद्दलचा प्रश्न शेवटी घ्या. आणि फॉर्मवर तारीख घालायला विसरू नका. संक्रांतीच्या यात्रेआधी हातात पैसा खेळत असतो, जूनमध्ये शाळेच्या खर्चाने हात तंग असतो. जानेवारीच्या उत्तरांची तुलना पुढच्या जानेवारीशीच करा.